साखर ६२ आली, तर डोस कोण बदलणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘बारा आठवड्यांत मधुमेहमुक्ती’, ‘गोळ्यांना कायमचा रामराम’, ‘घरबसल्या पंधरा किलो कमी’. टाइप टू मधुमेह असलेल्या माणसाने मोबाइलवर एकदा वजनाबद्दल काही शोधले, की पुढचा महिनाभर अशा जाहिराती त्याची पाठ सोडत नाहीत. या ऑनलाइन कार्यक्रमांना सरसकट नावे ठेवावीत असे आम्हाला वाटत नाही. मधुमेह्यांचा आहार आणि औषधे यांचा मेळ घालणे हे आमचे रोजचे काम आहे आणि वजन उतरल्यावर या आजारात केवढा फरक पडू शकतो, हे आम्हाला ठाऊक आहे. अडचण अशी, की यांतले बरेच कार्यक्रम मुळात मधुमेह नसलेल्यांसाठी बेतलेले असतात. नंतर त्यांवर ‘डायबिटीस प्लॅन’ अशी चिठ्ठी डकवली जाते. त्या चिठ्ठीखाली काय असायला हवे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

वजन कमी केल्याने टाइप टू मधुमेह मागे हटतो, हा दावा पोकळ नाही. या जाहिराती ज्या चाचणीचा आधार घेतात ती ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात झाली. तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रत्येकी १४९ जणांचे दोन गट होते. एका गटाला तीन ते पाच महिने नेहमीचे जेवण पूर्ण बंद करून दिवसाला ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचे शेक आणि सूप दिले, मग दोन ते आठ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने जेवण परत सुरू केले आणि पुढेही पाठपुरावा ठेवला. वर्षअखेर या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवले, त्यांच्यात ते ८६ टक्क्यांपर्यंत गेले. पाच ते दहा किलो उतरवणाऱ्यांत ३४ टक्के.

इथवरचे आकडे जाहिरातीत असतात. पुढचे नसतात. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. पाच वर्षांनी, ज्यांचा पाठपुरावा चालू राहिला त्यांच्यात १३ टक्के उरले, कारण वजन हळूहळू परत चढले. शिवाय चाचणीत घेतलेल्यांचा मधुमेह सहा वर्षांहून जुना नव्हता आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात प्रवेशच नव्हता. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि दिवसाला दोन वेळा इन्सुलिन असलेल्या माणसाला हे आकडे दाखवून सभासद करून घेणे ही दिशाभूल आहे. वजन कमी केल्याने त्याचाही फायदा होईल, औषध बरेच उतरेल. पण आशा त्याच्या बेताची दाखवली पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचा तपशील तर कोणी सांगतच नाही. त्या चाचणीत शेक सुरू झाला त्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या आणि साखर किंवा रक्तदाब वर गेला तर त्या कधी, कोणत्या क्रमाने परत सुरू करायच्या, हे आधीच लिहून ठेवले होते. म्हणजे ताट बदलले त्याच दिवशी औषधाचा कागदही बदलला. ऑनलाइन कार्यक्रमांनी यातला शेक उचलला आणि कागद मागे ठेवला.

असे का करावे लागते, हे कळायला रोगाची थोडी यंत्रणा बघावी लागते. टाइप टू मधुमेहात यकृतात चरबी साठते. तसे यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते ती प्रामुख्याने यामुळे. खाणे एकदम निम्म्यावर आणले की यकृतातली चरबी सर्वांत आधी वितळते. न्यूकॅसलला प्रा. रॉय टेलर यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात अवघ्या सात दिवसांत उपाशीपोटीची साखर सर्वसाधारण पातळीला आली होती. स्वादुपिंड सावरायला मात्र आठ आठवडे लागले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वजनकाट्यावर दीड-दोन किलोच फरक दिसत असतो तेव्हाच औषधाची गरज बरीच घटलेली असू शकते. ‘आधी पाच किलो उतरू दे, मग डॉक्टरांकडे जाऊ’ हे गणित इथेच फसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, ५२ वर्षांच्या एका बाईंना सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि दोन वेळा मेटफॉर्मिन आहे. त्यांनी ऑनलाइन प्लॅन घेतला. प्लॅनने सकाळची न्याहारी काढून टाकली आणि पहिले जेवण दुपारी एकला ठेवले. गोळीबद्दल कोणी विचारले नाही, म्हणून त्यांनी ती नेहमीप्रमाणे साडेआठला घेतली. ग्लिमेपिराइडला पोटात अन्न आहे की नाही हे कळत नाही. ते स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढते. पहिल्या दोन दिवशी काही झाले नाही, कारण यकृताचा साठा होता. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास हात थरथरू लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. ग्लुकोमीटरवर ५८. त्या वेळी ॲपच्या पडद्यावर काय असेल? ‘१५ तासांचा उपवास पूर्ण! शाब्बास!’ आणि हिरवी बरोबरची खूण. बाईंनी कार्यक्रमाच्या कोचला संदेश केला, तर उत्तर यायचे, ‘शरीर जुळवून घेतेय, लिंबूपाणी प्या, दोन दिवसांत बरे वाटेल.’

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण ज्या कार्यक्रमात औषधांची यादीच मागितली जात नाही तिथे तो घडण्यापासून रोखणारे काहीही नसते.

साखर उतरण्याचा धोका सगळ्या औषधांना सारखा नाही. सर्वाधिक धोक्याचा पहिला गट ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा आणि इन्सुलिनचा. खाणे निम्मे करताना यांचा डोस त्याच दिवशी कमी करावा लागतो किंवा गोळी थांबवावी लागते. इन्सुलिनच्या बाबतीत डॉक्टर बहुधा सुरुवातीलाच तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कपात करतात आणि मग दर दोन-तीन दिवसांनी साखर बघून पुढे जातात. नेमका आकडा माणसागणिक बदलतो, म्हणून तो रुग्णाने स्वतः किंवा कोचने ठरवायचा नसतो. टाइप वन मधुमेह (ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असेल तर इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नसते. टाइप टू म्हणून उपचार चाललेल्या काही लोकांना प्रत्यक्षात सावकाश वाढणारा टाइप वनसारखा मधुमेह असतो, हेही लक्षात असू द्यावे. नुसते मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन यांच्या गोळ्या असतील, तर साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फारच कमी.

दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा. या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. साखर फार खाली नेत नाहीत, म्हणून कोच मंडळींना त्या निरुपद्रवी वाटतात. पण कर्बोदके जवळजवळ बंद करणारा आहार किंवा लांब उपवास आणि ही गोळी एकत्र आली, तर चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात साचून आम्ल वाढू शकते. यातला फसवा भाग असा, की अशा वेळी साखर २०० च्या आत, कधी अगदी १५० सुद्धा असते. ग्लुकोमीटर बघून माणूस निर्धास्त राहतो. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, विलक्षण थकवा, खोल आणि जलद श्वास ही लक्षणे दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे आणि ‘माझे रक्तातले कीटोन तपासा’ असे स्पष्ट सांगायचे. शस्त्रक्रियेआधी या गोळ्या तीन-चार दिवस बंद ठेवतात ते याच कारणाने. कडक लो-कार्ब किंवा कीटो प्लॅन देणाऱ्या कार्यक्रमाने या गोळीबद्दल पहिल्याच दिवशी विचारले नाही, तर तो प्लॅन सुरू करू नये. यात आम्ही तडजोड करणार नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांइतक्याच रक्तदाबाच्या गोळ्या गाफील गाठतात. खाणे कमी झाले की मीठही कमी जाते, शरीर पाणी सोडते आणि पहिल्या आठवड्यात रक्तदाब उतरतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पलंगावरून उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर बसून एकदा आणि उभे राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल, तर डॉक्टरांना कळवायला हवे.

साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचे, हे प्लॅनच्या पहिल्याच पानावर असायला हवे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक पत्रकांत ते नसते, म्हणून इथे देतो. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे: पाण्यात विरघळवलेली ग्लुकोज पावडर, किंवा तीन लहान चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि अजून ७० खालीच असेल तर तेवढेच पुन्हा. चॉकलेट घेऊ नये, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. साखर सावरल्यावर काहीतरी खाऊन घ्यायचे, कारण गोळीचा अंमल संपलेला नसतो. ग्लिबेनक्लामाइडसारख्या लांब पल्ल्याच्या गोळीने, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, साखर काही तासांनी पुन्हा उतरते. त्या रात्री एकटे झोपू नये. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. आणखी एक गोष्ट: रक्तदाब किंवा हृदयासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांना धडधड, थरथर ही सूचना कमी जाणवते, घाम तेवढा येतो.

एवढे वाचून ‘मग ऑनलाइन नकोच’ असा कोणी निष्कर्ष काढेल. आमचे मत उलट आहे. दवाखान्यातली भेट तीन महिन्यांनी होते, आणि खाणे बदलणाऱ्या मधुमेह्याला पहिल्या तीन आठवड्यांत दोन-दोन दिवसांनी कोणीतरी बघणारे हवे असते. हे फोनवर जितके सहज जमते तितके दवाखान्याच्या बाकावर जमत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२० पासून शेकवर आधारित असाच कार्यक्रम राबवला आहे. त्यात ऑनलाइन पर्यायही आहे. सुरुवात करणाऱ्यांपैकी बारा महिने पूर्ण करणारे निम्म्याहून थोडे जास्त निघाले, आणि ज्यांच्या साखरेच्या दोन मोजण्या उपलब्ध होत्या त्यांपैकी २७ टक्क्यांचा मधुमेह मागे हटलेला होता. चाचणीतल्या ४६ टक्क्यांपेक्षा हे कमी आहे, पण रोजच्या व्यवहारातले आणि म्हणून जास्त भरवशाचे.

तेव्हा प्रश्न ऑनलाइन की समोरासमोर हा नसून आकडा बघणारा आणि डोस बदलणारा यांच्यात किती तासांचे अंतर आहे, एवढाच आहे. पैसे भरण्यापूर्वी त्या कार्यक्रमाला संध्याकाळी आठ वाजता एक संदेश पाठवून बघावा: ‘मी ग्लिमेपिराइड घेतो. तुमच्या प्लॅनवर माझी साखर ६२ आली, तर ती कोण बघेल, किती वेळात, आणि त्याला माझा डोस बदलण्याचा अधिकार आहे का?’ उत्तरात डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ आली तर पुढे बोलावे. ‘आमचे तज्ज्ञ लवकरच संपर्क साधतील’ असे आले, किंवा उत्तराऐवजी सवलतीची लिंक आली, तर काय समजायचे ते समजावे. कार्यक्रमाकडे डॉक्टर नसेल, तर निदान आपला नेहमीचा डॉक्टर आणि कार्यक्रमाचा आहारतज्ज्ञ यांच्यात लेखी देवाणघेवाण हवी. कोचला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम करून मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे आहारतज्ज्ञाची पदवी नव्हे.

पहिल्या दिवशी कार्यक्रमाने काय विचारायला हवे? सगळ्या औषधांची नावे, डोस आणि वेळा, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली, पायांना बधिरपणा किंवा जखम आहे का, गरोदरपण, हृदयविकाराचा अलीकडचा झटका, पित्ताशयातले खडे, पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास. यांतले डोळे लोकांना अनाठायी वाटतात. पण खूप काळ वाढलेली साखर एकदम खाली आली, तर पडद्यावर आधीच असलेला बिघाड काही काळ वाढू शकतो. एचबीएवनसी १० च्या वर असलेल्याने जलद वजन उतरवण्याआधी पडदा तपासून घ्यावा, हे त्यासाठी. पायांचेही तसेच. बधिर पायांनी एकदम रोज दहा हजार पावले चालायला लागले, तर फोड आलेला कळत नाही. पावलांचा आकडा ॲप मोजते. रात्री तळपाय आरशात बघण्याची आठवण करून देत नाही.

इथे एक गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण ती वजनावरच भर देणाऱ्या कार्यक्रमांचे मर्म दाखवते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत सांडू लागते आणि तिच्याबरोबर उष्मांकही जातात. माणूस भरपूर खाऊनही बारीक होतो. म्हणजे मधुमेह हाताबाहेर जात असतानाही वजन उतरते! अशा माणसाच्या ॲपवर आलेख सुंदर दिसतो, कोच अभिनंदन करतो, ‘महिन्याचा विजेता’ म्हणून फोटो लागतो. वजन घटते आहे आणि सोबत तहान, वारंवार लघवी, थकवा वाढतो आहे, तर ते यश मोजू नये, त्या दिवशी साखर मोजावी. तसेच काही प्रयत्न न करता पन्नाशीनंतर वजन भराभर उतरले आणि साखर नव्याने बिघडली, तर स्वादुपिंडाची तपासणी व्हायला हवी. उलट बाजूने, साखर आटोक्यात आणण्यासाठी इन्सुलिन सुरू केले तर दोन-तीन किलो वाढतात. त्याला ‘प्लॅन फसला’ म्हणणे चुकीचे. काट्याचा आकडा साखरेच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा असतो.

मोजण्यातल्या चुकांबद्दल थोडे. पहिल्या आठवड्यात उतरणारे दोन-तीन किलो बहुतांशी पाणी असते: यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, ते निघून जाते. ‘पहिल्याच आठवड्यात तीन किलो’ ही जाहिरात त्यावर उभी आहे. वजन रोज सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत करावे आणि आठवड्याची सरासरी बघावी. चरबीचे टक्के सांगणारे घरगुती काटे शरीरातल्या पाण्याबरोबर आकडा बदलतात; त्यावरून रोज खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. ग्लुकोमीटरच्या मानकातच १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे, म्हणजे ११० आणि १२२ हे एकच समजावेत. फळ सोलल्यावर हात न धुता बोट टोचले, तर साखर खोटी वाढलेली दिसते. दंडावरचा सेन्सर रक्तातली नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो, आणि त्या कुशीवर झोपले तर दाबामुळे रात्री खोटी ‘लो’ दाखवतो. शंका आली की बोट टोचून खात्री करावी. रक्त फार कमी असेल, रक्त चढवले असेल किंवा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल, तर एचबीएवनसीही फसवतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

जाहिरातीतल्या सरासरीचेही गणित करून बघावे. समजा १,००० लोकांनी नाव नोंदवले, बारा आठवड्यांनी ३०० उरले, त्यांचे सरासरी ८ किलो उतरले. जाहिरात म्हणते, ‘सरासरी ८ किलो’. सोडून गेलेल्या ७०० जणांचे वजन होते तेवढेच राहिले असे धरले, तर खरी सरासरी २.४ किलो येते. म्हणून विचारायचे ते एवढेच: किती जणांनी सुरू केले, वर्षानंतर किती जणांचे वजन मोजले?

‘मुक्ती’ या शब्दाचेही तेच. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने व्याख्या ठरवली: साखर कमी करणारी सर्व औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली. त्याला ‘रिमिशन’ म्हणतात, म्हणजे रोग मागे हटणे. कर्बोदके जवळजवळ बंद असताना सेन्सरची रेष सपाट दिसली, म्हणजे मधुमेह गेला असे होत नाही. साखर चढायला खाण्यात काही होतेच कुठे? मेटफॉर्मिन चालू ठेवून ६.३ आला तर तो चांगला ताबा आहे, रिमिशन नव्हे. आणि रिमिशन मिळाले तरी दर वर्षी डोळे, मूत्रपिंड, पाय आणि एचबीएवनसी बघायचेच. जुन्या वाढलेल्या साखरेने केलेले नुकसान वजनाबरोबर उतरत नाही.

वेगाने वजन उतरवण्याची स्वतःची किंमत असते. आठवड्याला दीड किलोहून जास्त घट सलग चालली तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली तर तिला ‘गॅस’ म्हणू नये. उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबी नसून स्नायू आणि इतर ऊतींचा असू शकतो, आणि स्नायू हेच साखर वापरण्याचे मोठे ठिकाण. म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर प्रथिने किती, हे प्लॅनमधल्या सर्वांसाठीच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतील, तर श्वास रोखून जड वजन उचलू नये.

हल्ली काही कार्यक्रम प्लॅनबरोबर भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनेही देतात. औषध चांगले आहे, पण ऑनलाइन अर्जातल्या चार खुणांवर ते देणे चांगले नाही. सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने होते, चार आठवड्यांनी ०.५, घाईने वाढवले तर उलट्या होऊन पाणी कमी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनबरोबर दिले तर त्यांचे डोस आधी बघावे लागतात. थांबवल्यावर वजन बरेचसे परत येते. हे इंजेक्शन बारा आठवड्यांच्या पॅकेजमध्ये विकणे आम्हाला समजत नाही.

खरे तर बारा आठवड्यांचा आकडाच शंकास्पद आहे. वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, पोट भरल्याचा संदेश देणारी घटतात आणि शरीर कमी उष्मांकांत भागवू लागते. कार्यक्रम संपतो त्याच सुमाराला शरीराचा ओढा सर्वाधिक असतो. ‘डायरेक्ट’मध्ये वजन दोन किलोहून जास्त परत चढले, तर काय करायचे याची योजना आधीच ठरलेली होती. अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ या ५,१४५ मधुमेह्यांच्या अभ्यासात पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरले आणि साधारण दहा वर्षांनी ६ टक्के घट टिकून होती, पण तिथे पाठपुरावा वर्षानुवर्षे चालला. त्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. औषधे मात्र कमी लागली. म्हणून कार्यक्रमाला दुसरा प्रश्न: तेराव्या महिन्यात माझ्याशी कोण बोलणार? आपोआप नूतनीकरण होऊन खात्यातून पैसे कापले जाणे म्हणजे पाठपुरावा नव्हे. आणि कार्यक्रम सोडला तर आपल्या साखरेच्या नोंदी पुसल्या जातील की कोणाला विकल्या जातील, हे नाव नोंदवण्याआधी वाचावे. ते अटींच्या शेवटी बारीक अक्षरात असते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. अशा कार्यक्रमांच्या जाहिराती छापताना, निदान ‘मधुमेहमुक्ती’ हा शब्द असेल तिथे, तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: किती जणांनी सुरुवात केली, वर्षानंतर किती जणांचे मोजमाप झाले, आणि औषधाचा डोस बदलणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. जागा कमी पडत असेल तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो असतात, त्यातला एक काढता येईल.

कळावे,

मधुमेह्यांच्या आहार व औषध-नियोजनाचे काम करणारे आपले काही वाचक